सव्वीस काढून एकोणतीस बसवायचंय? आधी मोजपट्टी काढा

मृगाचा पाऊस नुकताच होऊन गेला होता. पारोळ्याकडच्या एका शेतरस्त्यावर मी माझी माउंटन बाइक खांद्यावर घेऊन चाललो होतो. मागचं चाक आणि फ्रेम यांच्या मधली फट काळ्या मातीने अशी काही लिंपली गेली होती की चाक ढकलूनही फिरेना. बांधावर बसलेले एक आजोबा बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "काय भाऊ, तू सायकलवर बसस का सायकल तुन्हावर?"

चूक माझीच होती. साडेसत्तावीस इंची चाकांच्या फ्रेममध्ये मी हौसेने एकोणतीस इंची चाकं बसवली होती. मे महिन्यात लळिंगच्या पायथ्याशी खडखडीत कोरड्या वाटांवर ती छान चालली. टायर आणि फ्रेमच्या मध्ये जेमतेम पाच-सहा मिलिमीटर जागा उरली होती, पण चाक कुठे घासत नव्हतं, म्हणून मी खूश होतो. पहिल्या पावसात काळ्या मातीने त्या पाच मिलिमीटरचा हिशोब चुकता केला.

चाकाचा आकार बदलायचा विचार बहुतेकांच्या डोक्यात येतो तो दुसऱ्याची सायकल चालवून बघितल्यावर. मित्राची एकोणतीसची गाडी दगडांवरून लोण्यासारखी जाते आणि आपली जुनी सव्वीसची उड्या मारते, मग वाटतं की चाकं बदलली की काम झालं. कधी होतं, बऱ्याचदा होत नाही. बाजारात पैसे मोजण्याआधी घरच्या ओसरीवर बसून काय काय तपासायचं, ते माझ्यासारखं शिकण्याची वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून क्रमाने लिहितो.

१. टायरवरचा खरा नंबर वाचा

टायरच्या बाजूला मोठ्या अक्षरात २६ × २.१० किंवा २९ × २.२ असं काहीतरी छापलेलं असतं. त्याकडे तूर्त दुर्लक्ष करा. त्याच्या जवळपास बारीक अक्षरात ५४-५५९ किंवा ५६-६२२ असा आणखी एक आकडा सापडेल. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा टायर रिमवर, म्हणजे चाकाच्या धातूच्या कड्यावर, जिथे बसतो तिथला व्यास. दोन्ही मिलिमीटरमध्ये. टायर कुठल्या रिमवर बसेल ते हा दुसरा आकडा ठरवतो, बाकी सगळं बोलण्यापुरतं.

माउंटन बाइकचे तीन आकडे पाठ करून ठेवा. सव्वीस म्हणजे ५५९, साडेसत्तावीस म्हणजे ५८४ आणि एकोणतीस म्हणजे ६२२. नावावरून साडेसत्तावीस बरोबर मधोमध आहे असं वाटतं, पण तसं नाही. सव्वीसहून ते फक्त २५ मिलिमीटरने मोठं आहे आणि एकोणतीसहून ३८ मिलिमीटरने लहान. म्हणजे त्याचं नातं थोरल्यापेक्षा धाकट्याशी जास्त जवळचं.

आता आपल्याकडची गंमत. दूधवाले, पेपरवाले वापरतात त्या जुन्या काळ्या सायकलीचं चाक दुकानात 'अठ्ठावीस' म्हणून ओळखलं जातं. त्याचा व्यास ६३५. म्हणजे नावाने अठ्ठावीस असलेलं हे चाक एकोणतीसच्या रिमपेक्षा १३ मिलिमीटरने मोठं! लेडीज सायकलवर २६ × १ ३/८ लिहिलेलं असतं, त्याचा व्यास ५९०. माउंटन बाइकच्या सव्वीसवर ते टायर सैल पडतं. त्यामुळे तालुक्याच्या दुकानात जाऊन नुसतं "सव्वीसचं टायर द्या" म्हणालात तर दुकानदार प्रामाणिकपणे चुकीचं टायर देईल, आणि दोष त्याचा नसेल. जुनं टायर बरोबर न्या, नाहीतर बारीक अक्षरातल्या आकड्याचा फोटो काढून न्या.

आणखी एक कामाची गोष्ट. शहरात चालवायच्या हायब्रिड सायकलींवर ७०० लिहिलेलं असतं, त्यांचा व्यासही ६२२ च. रिमची रुंदी जुळत असेल तर एकोणतीसच्या रिमवर हायब्रिडचं टायर बसू शकतं. रोज डांबरी रस्त्याने कामाला जाणाऱ्याला याचा उपयोग होतो.

२. ब्रेक कोणते आहेत?

इथे अर्ध्या लोकांचा प्रवास संपतो. तुमच्या सायकलचे ब्रेक रिमला चिमटीत धरणारे, म्हणजे व्ही-ब्रेक असतील, तर ब्रेकचे रबर फ्रेमवर एका ठरावीक उंचीवर बसवलेले असतात. ते वर-खाली थोडेसे सरकतात, पण सव्वीसहून साडेसत्तावीसला गेलात तर रिम साडेबारा मिलिमीटर वर जाते आणि एकोणतीसला गेलात तर साडेएकतीस. रबर मग रिमवर न बसता आऱ्यांत घुसतो. उलट लहान चाक बसवलं तर तो टायरला घासतो. घाट उतरताना टायर कापलं गेलं तर काय होईल, ते सांगायला नको.

डिस्क ब्रेक असेल तर पुढे वाचा. डिस्क हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यावर असते, रिम मोठी झाली की लहान, याच्याशी तिला काही देणंघेणं नसतं. चाकांची अदलाबदल शक्य झाली ती खरं तर डिस्क ब्रेकमुळेच.

३. फट मोजा, आणि काळ्या मातीला मोजणीत धरा

हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

बसवायच्या टायरची त्रिज्या आधी काढा. हिशोब सोपा आहे: रिमच्या व्यासात टायरची रुंदी दोनदा मिळवायची आणि दोनने भागायचं. २.२ इंची टायर म्हणजे साधारण ५६ मिलिमीटर. एकोणतीसचं चाक असेल तर ६२२ अधिक ११२, म्हणजे ७३४, त्याचं अर्धं ३६७. साडेसत्तावीससाठी हाच हिशोब ३४८ वर येतो, सव्वीससाठी ३३५ च्या जरा वर. टायर प्रत्यक्षात रिमच्या रुंदीप्रमाणे थोडं कमी-जास्त फुगतं, पण अंदाजाला हे पुरे.

आता चाक काढा. फ्रेममध्ये एक्सल, म्हणजे चाकाचा आस, जिथे बसतो त्या खाचेच्या मध्यापासून लाकडी पट्टी धरा आणि ३६७ वर खूण करा. ती पट्टी एक्सलभोवती फिरवून बघा: पेडलजवळ दोन नळ्या जिथे एकत्र येतात तिथे, सीटखालच्या आडव्या पट्टीजवळ, आणि पुढचे गिअर असतील तर त्यांच्या डिरेलरजवळ, म्हणजे चेन सरकवणाऱ्या भागाजवळ. खूण आणि नळी यांच्या मधलं अंतर म्हणजे तुमची फट. बाजूची फटही मोजा, कारण मोठं चाक पुढे सरकतं आणि नळ्या तिथे जवळ आलेल्या असतात. वरून भरपूर जागा दिसली आणि टायरच्या कडेच्या गाठी नळीला खरवडायला लागल्या, असं पुष्कळदा होतं.

पुढच्या सस्पेन्शन फोर्कमध्ये, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दबत्या दोन पायांत, दोन जागा तपासायच्या. पहिली, दोन पायांना जोडणाऱ्या कमानीच्या खालची. ही कमान चाकाबरोबरच वर-खाली होते, त्यामुळे तिथली फट कायम तेवढीच राहते. दुसरी जास्त धोक्याची: फोर्क पूर्ण दबल्यावर टायर वरच्या मुकुटाला, म्हणजे जिथे दोन्ही पाय एकत्र येतात त्या भागाला, टेकतं का? हवेचा फोर्क असेल तर शॉक पंपाने हवा पूर्ण सोडा, फोर्क दाबून तळाला न्या आणि बघा. स्प्रिंगचा असेल तर उभ्या सायकलवर टायरचा माथा आणि मुकुट यांच्यातलं अंतर मोजून त्यातून फोर्कची हालचाल, समजा १०० मिलिमीटर, वजा करा. उरेल तेवढी खरी फट. ती शून्याच्या आसपास आली तर हा बेत इथेच सोडा. उतारावर फोर्क दबला आणि टायर मुकुटात अडकलं तर पुढचं चाक जागच्या जागी थांबतं आणि माणूस थांबत नाही. मागे सस्पेन्शन असलेल्या सायकलला हीच परीक्षा मागच्या शॉकची हवा सोडून घ्यायची.

किती फट पुरे? पुस्तकी उत्तर साधारण ६ मिलिमीटर असं मिळतं. ते बरोबरही आहे, पण कोरड्या वाटेसाठी. तापी, गिरणा, बोरीच्या काठची आपली माती ओली झाली की टायरवर थर चढवत जाते, त्यात गवत आणि कापसाच्या काड्या मिसळल्या की चक्क लिंपण तयार होतं. पावसाळ्यात शेतरस्त्याने फिरणार असाल तर माझ्या मते चारी बाजूंनी १२ ते १५ मिलिमीटर मोकळी हवीत. तेवढी नसेल तर मोठं चाक उन्हाळ्यापुरतं ठेवा. सातपुड्याच्या बाजूला, पाल किंवा तोरणमाळकडे, जमीन मुरमाड आणि दगडी असल्याने फट थोडी कमी असली तरी भागतं.

४. हब आणि एक्सल जुळतात का?

नवी किंवा जुनी चाकं विकत घेताना लोक रिम बघतात, टायर बघतात, हब विसरतात. पैसे मात्र हबच खातो.

चाक काढलेल्या जागी आतून आतपर्यंतचं अंतर मोजा. साध्या, दांडी उलटवून उघडणाऱ्या क्विक रिलीजच्या सायकलला पुढे १०० आणि मागे १३५ मिलिमीटर मिळेल. जाड आरपार एक्सलवाल्या सायकलींत पुढे १५ मिलिमीटर जाडीचा एक्सल आणि १०० किंवा ११० रुंदी, मागे १२ जाडीचा आणि १४२ किंवा १४८ रुंदी असे प्रकार आहेत. यातल्या ११० आणि १४८ ला बूस्ट म्हणतात. बूस्टचं चाक १३५ च्या फ्रेममध्ये ठोकून बसवणारे महाभाग मी बघितलेत. फ्रेम वाकते, इतकंच सांगतो.

मागच्या बाजूला आणखी एक फरक. सात गिअरच्या स्वस्त सायकलींना बहुधा फ्रीव्हील असतं, म्हणजे दात्यांचा गठ्ठा हबवर आट्यांनी फिरवून बसवलेला असतो. जरा वरच्या सायकलींना कॅसेट असते, ती हबच्या खाचांच्या दंडगोलावर सरकवून बसवतात. दोन्हींचे हब वेगळे, एकाचं दुसऱ्यावर बसत नाही. कॅसेटचेही आत निरनिराळे प्रकार आहेत: शिमानो कंपनीचे दोन, स्रॅम कंपनीचा एक्सडी वेगळा. चाक विकणाऱ्याला "नऊ स्पीडची कॅसेट बसते का" एवढंच विचारू नका. आपली कॅसेट खिशात नेऊन तिथेच लावून बघा.

डिस्क बसवायची जागाही बघा. एका प्रकारात सहा स्क्रू असतात, दुसऱ्यात मधोमध एकच मोठी चकती आवळलेली असते. जुन्या आणि नव्या चाकांवर सारखाच प्रकार असला तर सोपं जातं. मधल्या चकतीच्या हबवर सहा स्क्रूंची डिस्क बसवायला अडॅप्टर मिळतो, उलट दिशेने सहसा जमत नाही.

५. सायकलची ठेवण किती बदलेल?

फट आहे, हबही जुळला, तरी सगळं आधीसारखं राहत नाही. साडेसत्तावीसची दोन्ही चाकं काढून त्याच रुंदीच्या टायरांसह एकोणतीसची बसवली तर सायकल १९ मिलिमीटर वर उचलली जाते. सीट आणि पेडल यांच्यातलं अंतर तेवढंच राहतं, त्यामुळे सीट खाली करायच्या फंदात पडू नका. पाय जमिनीला टेकताना मात्र फरक जाणवतो. उंचीने कमी असलेल्याला सायकलवरून उतरताना मधल्या नळीचा प्रसाद मिळू शकतो, म्हणून खरेदीआधी उभं राहून बघा.

मोठ्या चाकाने हँडल जरा सुस्त होतं. सरळ उतारावर ही सुस्ती हवीशी वाटते, केळीच्या बागेतल्या अरुंद वळणावर नकोशी.

उलट, एकोणतीसच्या फ्रेममध्ये साडेसत्तावीसची बारीक टायरं घातली तर सायकल तेवढीच खाली बसते आणि दगडाच्या वाटेवर पेडल दगडाला आपटायला लागतात. पाटणादेवीच्या बाजूच्या दगडगोट्यांत हे फार वेळा होतं.

काही जण फक्त पुढचं चाक मोठं करतात: पुढे एकोणतीस, मागे साडेसत्तावीस. अशा सायकलला मलेट म्हणतात. पुढचं मोठं चाक दगड सहज ओलांडतं, मागचं लहान चाक झटपट वळतं. अशा रचनेने पुढचा भाग साधारण एक अंशाने मागे झुकतो आणि पेडलची उंची सात-आठ मिलिमीटरने वाढते. उतारावर मजा येते, पण चढावर पुढचं चाक हवेत उचलायला लागतं. आणि पुढचा फोर्क एकोणतीससाठीच बनवलेला हवा, हे गृहीत धरा.

मग काय बसवावं? माझं मत

सव्वीसच्या फ्रेममध्ये एकोणतीस: नको. जवळपास कधीच बसत नाही. बसलंच तर सायकल उंटासारखी होते. त्यापेक्षा ती सायकल भाच्याला द्या.

सव्वीसच्या फ्रेममध्ये साडेसत्तावीस: डिस्क ब्रेक असतील आणि फट मोजून पुरत असेल तर चालेल. वाढ फक्त साडेबारा मिलिमीटरची.

साडेसत्तावीसच्या फ्रेममध्ये एकोणतीस: पाचातल्या चार वेळा नाही. माझी कथा वर वाचलीतच.

एकोणतीसच्या फ्रेममध्ये साडेसत्तावीसचं जाडजूड टायर: ही मला सगळ्यात आवडलेली जोडी. २७.५ × २.८ च्या टायरचा एकूण व्यास ७२६ च्या आसपास येतो, २९ × २.१ चा ७२८. म्हणजे सायकलची उंची जवळपास तशीच राहते आणि मऊ, रुंद टायर मिळतं. नदीच्या पात्रातल्या वाळूत ते सुंदर चालतं. दोन्ही संच चालतील असं गृहीत धरूनच काही कंपन्या फ्रेम बनवतात. तुमच्या सायकलच्या कागदपत्रांत तसं लिहिलंय का, ते बघा. न लिहिलेला बदल केला तर वॉरंटी जाऊ शकते, हेही ध्यानात असू द्या.

मोठं चाक चांगलं की लहान, यावर आमच्या गटात शेवभाजीच्या ताटावर तासन्‌तास वाद होतो. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या माउंटन बाइक शर्यतीत चेक प्रजासत्ताकाचा यारोस्लाव कुलहावी एकोणतीसच्या चाकांवर सुवर्ण घेऊन गेला आणि स्वित्झर्लंडचा निनो शुर्टर साडेसत्तावीसवर रौप्य. दोघांत अंतर होतं एका सेकंदाचं. वादाला हे पुरावा म्हणून वापरा, दोन्ही बाजूंनी वापरता येतो.

६. प्रत्यक्ष अदलाबदल

पाने: ५ आणि ६ नंबरचा ॲलन की, टी-२५ टॉर्क्स, कॅसेट काढायची चेनवाली दांडी आणि कॅसेटची टोपी उघडायचा पाना. शॉक पंप, फडकं.

गिअर सगळ्यात लहान दात्यावर आणा, मागचं चाक सहज निघतं. हायड्रॉलिक ब्रेक असतील तर चाक निघालेलं असताना लिव्हर अजिबात दाबू नका. दाबलं तर आतले पॅड एकमेकांना चिकटतात आणि त्यांना वेगळं करताना घाम निघतो. पॅडांच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून ठेवा. घरात लहान मुलं असतील तर ते आधी करा.

डिस्क काढताना स्क्रू समोरासमोरचे, आळीपाळीने थोडे थोडे सैल करा. नव्या हबवर आवळतानाही तसंच. एकच स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याला हात घातला तर डिस्क वाकडी बसते. डिस्कच्या तोंडाला तेलकट बोट लावू नका. लागलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ती कुठल्या दिशेने फिरायला हवी त्याचा बाण तिच्यावरच असतो.

कॅसेट चढवताना तिच्या खाचांपैकी एक बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रुंदीची असते, ती हबवरच्या तशाच जागेशी जुळवायची. मग टोपी आवळा, चांगली घट्ट, साधारण ४० न्यूटन मीटर. टॉर्क रेंच नसेल तर एका हाताच्या पूर्ण जोराने आवळा, अंगाचं वजन मात्र टाकू नका.

चाक बसवल्यावर ते फिरवा आणि ऐका. खर्र-खर्र असा आवाज आला तर डिस्क पॅडला घासते आहे. दोन वेगळ्या हबांवर डिस्क एखाद्या मिलिमीटरने आत-बाहेर बसणं अगदी नेहमीचं. ब्रेकच्या कॅलिपरचे, म्हणजे पॅड धरणाऱ्या भागाचे, दोन बोल्ट थोडे सैल करा, लिव्हर दाबून धरा, दाबलेल्या अवस्थेतच बोल्ट आवळा. बहुतेकदा एवढ्यात सुटतं. चेन एका दात्यावर नीट बसत नसेल तर मागच्या डिरेलरचे लिमिट स्क्रू थोडे फिरवावे लागतील. चेन दात्यांच्या पलीकडे आऱ्यांत पडत नाही ना, हे सायकल स्टँडवर असतानाच बघा.

चाकाला आऊट असेल, म्हणजे फिरताना ते डावीकडे-उजवीकडे हलत असेल, तर आऊट काढायचं काम जाणत्याला द्या. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सायकली दुरुस्त करणारे काका आहेत, त्यांच्या हातातला आऱ्यांचा पाना आपल्या नव्या अवजारांपेक्षा जास्त शहाणा असतो. फक्त हब उघडायला लागले तर छर्ऱ्यांबद्दल आधी बोलून घ्या, कारण नव्या हबांत पुष्कळदा छर्रे सुटे नसतात, बंद बेअरिंग असतं.

दोन्ही संच कायम जवळ ठेवून ऋतूप्रमाणे बदलणार असाल तर एक सल्ला: दोन्ही चाकांना एकाच प्रकारचा हब, सारखी डिस्क आणि सारखी कॅसेट लावून ठेवा. मग बदलायला दहा मिनिटं लागतात. नाहीतर प्रत्येक वेळी वरचा सगळा सोहळा.

७. गिअर जड होतील

मोठं चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, म्हणजे तोच गिअर जड वाटतो. २.२ च्या टायरांवर साडेसत्तावीसहून एकोणतीसला गेलात तर साडेपाच टक्क्यांनी, सव्वीसहून गेलात तर नऊ टक्क्यांच्या वर. सपाटीवर हे कळतही नाही. तोरणमाळच्या सातपायरी घाटात पाचव्या वळणावर मात्र पूर्ण कळतं. उपाय सोपा आहे: पुढची ३२ दात्यांची चकती काढून ३० ची लावा, हिशोब जवळपास पहिल्यासारखा होतो. स्पीडोमीटर असेल तर त्यातला चाकाचा घेरही बदला. छापील तक्ता शोधायची गरज नाही. टायरवर खडूने खूण करा, जमिनीवर खुणेला खूण जुळेपर्यंत सायकल एक फेरी ढकला आणि टेपने मोजा.

८. टायर, ट्यूब आणि वेडी बाभूळ

खान्देशात चाकाच्या आकारापेक्षा काट्यांनी जास्त लोक घरी परतवलेत. पाटाच्या कडेने, नाल्याच्या काठाने वेड्या बाभळीचे काटे पसरलेले असतात आणि ते जाड टायरही भेदतात. चाकं बदलणारच असाल तर ट्यूबलेस रिम-टायरचा विचार त्याच वेळी करा. त्यात ट्यूबऐवजी घातलेलं सीलंटचं द्रव काट्याचं भोक लगेच बुजवतं. मात्र आपल्या एप्रिल-मेच्या ४४-४५ अंशांत ते लवकर सुकतं. उन्हाळ्यात महिन्या-दीड महिन्याने टायर हलवून आत खळखळ ऐकू येते का बघा. आवाज नसेल तर द्रव घाला.

सत्तर किलोच्या आसपासच्या माणसाला २.२ च्या टायरात ट्यूब असेल तर हवेचा दाब ३० पीएसआयच्या आसपास, ट्यूबलेसला २४-२५ पासून सुरुवात करून पाहावी. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर थेट भरू नका, त्याचा हात मोटरसायकलच्या टायरला सरावलेला असतो. तुमच्या ट्यूबला बारीक प्रेस्टा वॉल्व असेल तर त्याचं नोझल बसतही नाही. पितळेचा छोटा अडॅप्टर मिळतो, तो किल्लीच्या जुडग्यात अडकवून ठेवा.

तालुक्याच्या ठिकाणी मला साडेसत्तावीस किंवा एकोणतीसची ट्यूब अनेकदा मिळालेली नाही, सव्वीसची बहुधा मिळते. अडचणीत सव्वीसची ट्यूब साडेसत्तावीसमध्ये ताणून बसते आणि चालते. एकोणतीसमध्येही घरी पोहोचण्यापुरती चालते, पण ताणून पातळ झालेली असते, तेव्हा सावकाश या आणि दुसऱ्या दिवशी बदला.

९. पहिली फेरी

थेट घाटात जाऊ नका. आधी गल्लीत वीस-पंचवीस वेळा ब्रेक दाबून बघा, नव्या डिस्कला पॅड धरायला तेवढा वेळ लागतो. मग घराजवळच्या कच्च्या रस्त्याने पाच किलोमीटर जाऊन परत या. आल्यावर एक्सल घट्ट आहे का, डिस्कचे स्क्रू सैल झालेत का, टायरच्या कडेच्या गाठींवर फ्रेम खरवडल्याच्या चमकदार खुणा आहेत का, हे उजेडात बघा. चमक दिसली की ते टायर त्या फ्रेमसाठी नाही. रुंदी एका पायरीने कमी करा.

आणि पाऊस पडल्यावर बैलगाडीच्या चाकोरीतून जायचं असेल तर खिशात एक लाकडी फळकूट ठेवा, आईस्क्रीमच्या काडीपेक्षा जरा जाड. फटीतली माती उकरायला त्याच्याइतकं चांगलं अवजार मला अजून कुठल्या दुकानात मिळालेलं नाही. लोखंडी नको, रंग खरवडतो.